पाहणाऱ्याचे देणे

पक्षी पाहायला जाणे हा अगदी निरुपद्रवी छंद आहे, असे सर्वसाधारण मत आहे. पक्षी पाहणारा माणूस काही तोडत नाही, काही उचलून आणत नाही. पहाटे उठतो, गळ्यात दुर्बीण अडकवतो, रानात दोन-चार तास फिरतो आणि चिखलाचे बूट घेऊन घरी येतो. यात नीती-अनीतीचा प्रश्न येतो कुठे? त्याने फक्त पाहिले. आणि नुसते पाहिले तर कुणाचे काय बिघडते?

हे शेवटचे वाक्य पक्ष्यांच्या संदर्भात ऐकण्याच्या कितीतरी आधी मी ते ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या बसथांब्यावर ऐकले आहे. नजरेला वजन असते, हे कोणत्याही बाईला पुस्तकातून शिकावे लागत नाही. कुणी हात लावलेला नसतो, शब्द बोललेला नसतो, तरी आपण उभे राहण्याची जागा बदलतो, ओढणी सारखी करतो, बस दिसेपर्यंतची दहा मिनिटे मोजत राहतो. म्हणजे नुसत्या पाहण्यानेही पाहिल्या जाणाऱ्याचे वागणे बदलते. कुरआनात नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे, नंतर स्त्रियांना. हा क्रम आपल्या वाझमध्ये बहुधा उलटा होतो, पण तो विषय वेगळा. मला एवढेच म्हणायचे आहे की पाहणे हीसुद्धा एक कृती आहे, आणि कृती म्हटली की तिचा जाब आला. हा जाब पक्ष्यांच्या बाबतीत कसा द्यायचा?

या प्रश्नाचा विचार करताना आपल्याच मुंबईतल्या एका पोरक्या मुलाची गोष्ट मला टाळता येत नाही. सलीम अलींचा जन्म १८९६ चा. वडील ते वर्षाचे असताना गेले, आई तीन वर्षांचे असताना. मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात त्यांना वाढवले. मामूंनी छऱ्याची बंदूक दिली. त्या काळच्या सुखवस्तू घरांतल्या मुलांप्रमाणे हाही चिमण्या टिपू लागला. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही रोजची चिमणी नव्हे. मग ही खाणे हलाल की नाही? मुलगा प्रश्न घेऊन मामूंकडे गेला. मामूंना पक्षी ओळखता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला संस्थेचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. त्या गोऱ्या गृहस्थाने पक्षी ओळखला आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे.

ही गोष्ट सांगताना आपण नेहमी मिलार्डच्या कपाटावर थांबतो. मी मात्र मामूंच्या दारात अडते. मुलगा निघाला होता तो नीतीचा प्रश्न घेऊन: हे मला चालते का? परतला तो पक्षिशास्त्राचे उत्तर घेऊन: याचे नाव अमुक. दुसरे उत्तर इतके मोठे होते की पहिला प्रश्न बाजूला पडला. पक्षी पाहणाऱ्या बहुतेकांचे असेच होते. नाव कळले की काम झाले असे वाटते.

त्याच सुमाराची, १९०६-०७ ची, त्यांची आणखी एक नोंद आहे. ती आपल्या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच दिली आहे. घराच्या तबेल्यात भिंतीच्या भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. मुलाने घोडागाडीच्या आड लपून नराला टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळवला, तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. त्यालाही टिपले. सात दिवसांत आठ नर. लिहिली तेव्हा ती शिकाऱ्याची नोंद होती. शास्त्राच्या दृष्टीने तिला मोल आहे हे पुढे कळले. मी ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. दहा वर्षांचे मूल ते, आणि काळही तसा, हे मान्य. पण त्या आठ नरांचे काय, आणि त्या मादीचे काय?

याच्या शेजारी किहीम ठेवून पाहा. १९३० साली सलीम अली जर्मनीहून शिकून परतले, तर म्युझियममधली त्यांची नोकरी पैशाअभावी बंद झालेली. पस्तिशीला आलेला माणूस, हाताला काम नाही. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. जवळच सुगरणींची वसाहत होती. कापडाचा आडोसा करून, शिडीवर बसून, त्या पावसाळ्यात ते फक्त पाहत राहिले. आणि जे दिसले ते आधी कुणी नीट सांगितलेले नव्हते. नर घरटे अर्धेच विणतो. माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडले की ती घर ताब्यात घेते, मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे विणायला घेतो. इथेही प्रश्न पक्ष्याच्या संसाराचाच होता, तबेल्यातल्यासारखाच. पण एकही पिसू गळले नाही. लागला तो वेळ. आणि वेळ मिळाला तो नोकरी गेली म्हणून, हेही लक्षात ठेवले पाहिजे. निर्मळ पाहणे स्वस्त नसते.

किहीमनंतर त्यांनी बंदूक टाकून दिली असती तर गोष्ट फार सुरेख झाली असती. तसे झाले नाही. हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन अशा संस्थानांच्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली, त्यात नमुन्यांसाठी हजारो पक्षी मारले गेले. आपले पक्षिप्रेम भावुक जातीचे नाही, असे त्यांनी लपवाछपवी न करता सांगितले आहे. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेले दहा खंडांचे ‘हँडबुक’ (१९६८ ते १९७४) त्या नमुन्यांशिवाय झाले नसते. मी त्यांची वकिली करत नाही. पण एक फरक मला दिसतो. मारलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी होती: ठिकाण, तारीख, नर की मादी. म्हणजे घेतलेल्या जिवाचा हिशेब ठेवलेला होता, आणि तो दुसऱ्या कुणालाही तपासता येईल असा उघडा होता. भरतपूरचे पाणथळ टिकावे म्हणून त्यांनी जे वजन खर्च केले ते याच हिशेबातून आलेले होते. देणे फिटले की नाही हे मी ठरवणार नाही. देणे आहे, हे त्यांनी नाकारले नाही एवढे मला पुरते.

आज बंदूक गेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली ते फार चांगले झाले. हातात कॅमेरा आला. पण भाषा पाहा: ‘शॉट’ मिळाला, पक्षी ‘शूट’ केला, आज तीन ‘लायफर’ झाले. लायफर म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला पक्षी. यादीत एक नाव वाढले. बरेच पक्षिमित्र सरळ मनाचे, अभ्यासू असतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण पावसाच्या तोंडावर पनवेलपुढे कर्नाळ्याच्या बाजूला ओढ्याकाठी कधी कधी जे चालते त्याला पाहणे म्हणायचे का, असा प्रश्न पडतो.

तिबोटी खंड्या नावाचा एक पक्षी आहे. चिमणीएवढा जीव, अंगावर जांभळा, निळा, नारिंगी असे रंग की पाहणाऱ्याने हरखून जावे. जूनच्या आसपास तो कोकणातल्या ओढ्यांवर येतो, काठाच्या मातीत बीळ करून अंडी घालतो. पिल्ले झाली की आईबाप पाली, सरडुले, लहान खेकडे चोचीत धरून आणतात. चोचीत भक्ष्य धरलेला खंड्या हा फोटोवाल्यांचा मोठा लोभ. मग बिळासमोर माणसे ठाण मांडतात. पक्षी भक्ष्य घेऊन येतो, समोर गर्दी बघून फांदीवर थांबतो. इकडे कॅमेऱ्यांचा कडकडाट; बिळात पिल्ले वाट बघत असतात. तो फांदीवर जितका जास्त थांबेल तितका फोटो चांगला! इतर पक्ष्यांच्या बाबतीत आणखी एक युक्ती आहे. मोबाइलवर त्याच जातीच्या पक्ष्याचा आवाज वाजवतात. नराला वाटते हद्दीत दुसरा नर घुसला. तो चारापाणी सोडून शत्रू शोधत बाहेर येतो, आणि शत्रू कुठेच नसतो. मुक्या प्राण्याशी खोटे बोलणे याला दुसरे नाव नाही.

अबू दाऊदच्या हदीससंग्रहात एका प्रवासातला प्रसंग आहे. पैगंबर मुहम्मद (स.) थोडे दूर गेले असताना बरोबरच्यांना एक पक्षीण आणि तिची दोन पिल्ले दिसली. त्यांनी पिल्ले उचलली. पक्षीण येऊन पंख फडफडवू लागली. पैगंबर परतले तेव्हा त्यांनी विचारले की हिला हिच्या पिल्लांवरून कुणी त्रास दिला, आणि पिल्ले परत ठेवायला लावली. लहानपणी मक्तबमध्ये ऐकलेली ही गोष्ट मला आता वेगळी ऐकू येते. बरोबरच्यांनी पिल्ले मारली नव्हती. बहुधा कौतुकानेच उचलली असतील. पण विचारणा कौतुकाची झाली नाही, पक्षिणीच्या तडफडीची झाली. आपला हेतू कितीही चांगला असो, मोजमाप समोरच्याच्या बाजूने करायचे. पक्ष्याने आपल्यामुळे चारा थांबवला, जागा सोडली, ओरडू लागला की आपले पाहणे तिथे संपले. मागे फिरायचे. फोटो नाही तर नाही. मिठ्ठूला पिंजऱ्यात ठेवून त्याला सलाम करायला शिकवणाऱ्या घरांनाही हेच लागू आहे. पोपट घरात पाळणे कायद्याने गुन्हा आहे हे आपल्या कितीतरी मोहल्ल्यांत आजही कुणाच्या गावी नसते.

इथवरचा विचार फार अवघड नाही. त्रास देऊ नये, हे सगळेच मान्य करतात. माझी खरी अडचण पुढे आहे, आणि ती मला पावण्यात सापडली.

पावणे म्हणजे एमआयडीसी. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला रसायनांच्या आणि इतर शंभर तऱ्हेच्या कंपन्या, मागे दगडखाणींनी कोरलेली पारसिकची रांग, पश्चिमेला थोडे पुढे गेले की ठाण्याची खाडी. मी उर्दू माध्यमाच्या वर्गांना शिकवते. मुलांचे वडील कंपनीत हेल्पर, टेम्पोवर ड्रायव्हर, कुणी भंगारच्या धंद्यात. रानात सहल काढायची तर बसभाड्यापासून अडते. म्हणून आम्ही पक्षी जवळच शोधतो. आणि ते असतात. गॅरेजमध्ये पत्रा ठोकण्याचा आवाज चालू असतो, तेवढ्याच लयीत पिंपळावरून तांबट टुक्‌टुक् करत असतो; कोणता आवाज कुणाचा, हे ओळखण्याचा आमचा खेळच झाला आहे. नाल्यात शेकाट्या असतात, लांबलचक गुलाबी पायांवर तोल सांभाळत चालणाऱ्या. मुलांना नावे आधी उर्दूत येतात. अबाबील म्हणजे पाकोळी, फाख्ता म्हणजे होला, शकरखोरा म्हणजे सूर्यपक्षी, बया म्हणजे सुगरण. हुदहुद दोन्हीकडे हुदहुदच. एका पक्ष्याची दोन नावे कळली की मुलांना तो दुप्पट ओळखीचा वाटतो, असा माझा अनुभव आहे.

एकदा मुलांना ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रावर नेले होते. समोर खाडीत रोहित. फ्लेमिंगो म्हणा, अग्निपंख म्हणा. ओहोटीच्या चिखलावर दूरपर्यंत गुलाबी पट्टा पसरलेला. मुले काही वेळ बोललीच नाहीत, आणि सातवीच्या वर्गाच्या बाबतीत ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. मग एकाने विचारले, “टीचर, इतने गंदे पानी में ये क्यों आते हैं?”

उत्तर मला माहीत होते, म्हणूनच देताना जड गेले. लहान रोहित मान उलटी करून चोचीच्या चाळणीने पाण्यातले सूक्ष्म नीलहरित शेवाळ गाळून खातो. त्याचा रंगही खाण्यातूनच येतो. पिल्ले जन्मतात तेव्हा करडी-पांढरी असतात. हे शेवाळ वाढायला खत लागते, आणि ते खाडीला मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या सांडपाण्यातून मिळते, असे अभ्यासक सांगतात. घाण असूनही ते येतात असे नाही. आपल्या घाणीवर जे पोसले जाते ते खायला येतात. १९९० च्या दशकात शिवडीला त्यांचे मोठे थवे दिसू लागले. पुढे खाडीतल्या गणतीत आकडा लाखाच्या वर गेला. २०१५ मध्ये १,६९० हेक्टरांचे अभयारण्य झाले, २०२२ मध्ये रामसर यादीत नाव आले. शहर स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून घेऊ लागले. भिंतींवर रोहित, चौकात रोहित, नव्या इमारतींच्या जाहिरातीत रोहित.

त्याच खाडीच्या काठी कोळी-आगरी गावे आहेत. तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. ती रोहितांबद्दल फारसे बोलत नाहीत. ती बोय, कोळंबी, निवटी, चिंबोरी यांबद्दल बोलतात, आणि बहुतेक वाक्ये भूतकाळात असतात. म्हणजे एकाच चिखलाकडे दोघे पाहतात. तिकीट काढून आलेल्याला तो भरलेला दिसतो, जाळे घेऊन उतरणाऱ्याला रिकामा. खाडी पुरती स्वच्छ झाली तर मासे परततील, आणि कदाचित रोहित कमी होतील. मग आपण कशाची दुवा मागायची? मला तरी वाटते, पाणी स्वच्छ व्हावे अशीच मागावी, मग गुलाबी पट्टा अर्ध्यावर आला तरी चालेल. आपल्या डोळ्यांना बरे वाटते हे खाडी बरी असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. पण रोहितांच्या नावाखाली निदान खारफुटी तरी वाचली, ते गेले तर उरलेल्या पाण्यावर भराव पडायला वेळ लागणार नाही, असे कुणी म्हणाले तर त्याला निरुत्तर करणारे उत्तर माझ्याजवळ नाही.

मराठीत साक्षी म्हणजे डोळ्यांसह असलेला. उर्दूत शाहिद म्हणजे हजर असलेला, पाहिलेला. दोन्ही भाषांत ज्याने पाहिले तो साक्षीदार झाला. साक्षीदाराला आवडले तेवढे सांगून मोकळे होता येत नाही. गुलाबी पंख सांगितले आणि पाण्याचा वास सांगितला नाही तर ती अर्धी साक्ष झाली. ‘सूरह नम्ल’मध्ये हजरत सुलेमान पक्ष्यांची हजेरी घेतात, तर हुदहुद गैरहजर. नेमके कारण सांगितले नाही तर शिक्षा ठरलेली. तो येतो आणि सांगतो की तुम्हाला ठाऊक नाही ते मी पाहून आलो, सबाच्या देशातली पक्की खबर आणली आहे. एवढ्या मोठ्या बादशहाला न दिसलेले एका पाखराने पाहिलेले असते. आणि सुलेमान काय म्हणतात? खरे बोललास की खोटे ते आम्ही तपासू. साक्ष दिली की तपासही आलाच.

२०२४ च्या उन्हाळ्यात हे आपल्याकडे घडले. नेरूळच्या तळ्याजवळ रोहित मरून पडू लागले. तिथे रोज जाणाऱ्या पक्षिमित्रांनी ते मोजले, फोटो काढले, खाडीचे पाणी तळ्यात येण्याच्या वाटा बुजल्याची तक्रार केली. २० मे च्या रात्री घाटकोपरला उतरत्या विमानाच्या धडकेने सुमारे चाळीस रोहित मेले, तेव्हा सकाळपर्यंत वस्तीत फिरून त्यांचे तुकडे गोळा करणारेही असेच लोक होते. त्यांचा हा फोटो कुणी भिंतीवर लावणार नाही. पण ते रोज पाहत नसते तर किती मेले हेही कुणाला कळले नसते. कॅमेरा तोच, डोळेही तेच. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणती होते, १९८७ पासून आशियातल्या अनेक देशांत चालू आहे. थंडीत उठून, तळ्याकाठी उभे राहून कुणीतरी बदके मोजतो. यात चमकण्यासारखे काही नाही. बहुतेक वर्षी तेच पक्षी, जवळपास तेच आकडे. आकडा अचानक पडतो त्या वर्षी मात्र आधीची सगळी वर्षे बोलू लागतात.

आमच्या वर्गात आता एक वही आहे. तारीख, ठिकाण, पक्षी, संख्या असे चार रकाने मी आखून दिले होते. पाण्याचा रंग आणि वास हे दोन रकाने मुलांनी वाढवले. पक्षी काय करत होता, हा सातवा. उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सवय असल्यामुळे वही मागून सुरू होते, आणि मराठीच्या तासाला तीच पुढून वाचली जाते. परवाची नोंद एका मुलीच्या हातची आहे. कंपन्यांमागचा नाला, सकाळी साडेसात. शेकाट्या ६, बगळा १, तुतवार २. पाणी निळसर. वास आहे, डोळे चुरचुरतात. पक्षी खात होते.